मागच्या बाजूचा कॅमेरा

आमचं घर निमगाव साव्याच्या गावठाणात नाही, मळ्यात आहे. तिन्ही बाजूंनी ऊस आणि पुढं कच्चा रस्ता. वडील गेल्यापासून आई तिथं एकटी राहते. एकटी म्हणजे गाय, शेळ्या आणि कोंबड्या धरून. भाऊ चाकणला कंपनीत आहे. मी तळेघरच्या वरच्या अंगाला एका वाडीतल्या शाळेवर शिकवते आणि तळेघरला खोली घेऊन राहते. शनिवारी घरी जायचं म्हटलं तर घोडेगाव, मंचर, नारायणगाव असं गाड्या बदलत जावं लागतं. त्यातली पहिली गाडी मिळेल याची खात्री कधीच नसते.

आमच्याकडं कुणी ‘काल कुठं दिसला?’ असं विचारलं की कोण, ते सांगावं लागत नाही. आई बिबट्याबरोबर वावरायला शिकली होती. अंधार पडायच्या आत शेळ्या आत, हातात काठी, उसाच्या कडेनं जाताना मोठ्यानं बोलत जायचं. पण शेजारच्या मळ्यातलं वासरू दिवसाढवळ्या नेलं, तेव्हा भाऊ हबकला. आईला चाकणला चल म्हणाला. आई म्हणाली, “आन् ह्या जितराबांना काय तुझ्या फ्लॅटात बांधू?” मग त्यानं सुट्टीच्या दिवशी कॅमेऱ्यांचा एक संच आणला. एक कॅमेरा अंगणावर, एक रस्त्यावर आणि घरात टीव्हीशेजारी रेकॉर्डिंगचा काळा डबा.

मला त्यानं चैन पडलं नाही. त्याचे दोन्ही कॅमेरे घराच्या पुढं बघत होते आणि शेळ्या बांधायची जागा मागं. मागच्या बाजूला ऊस अगदी भिंतीपर्यंत येतो. मंचरला एका दुकानात मी वेगळ्याच कंपनीचा एक कॅमेरा घेतला. पांढरा, गोल डोक्याचा, मान वळवणारा. भाऊ फोनवर चिडला.

“ताई, एकाच कंपनीचं घ्यायचं असतं. मला विचारायचंस तरी.”

“तुझ्या कंपनीचा त्या दुकानात नव्हता.”

हे खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. मला माझ्या फोनवर माझं स्वतःचं एक चित्र हवं होतं. भावाला विचारून, त्याच्या पासवर्डनं आईला बघायचं मला नको होतं.

तेवढ्यात आमच्या चुलतभावानंही आपल्या जुन्या गोठ्यावरचा एक कॅमेरा काढून आणून दिला. तो तिसऱ्याच कंपनीचा, जाड काळ्या वायरीचा. शेजारचाच मळा त्याचा. आई त्याची सख्खी चुलती, त्यामुळं आमच्यापेक्षा तोच तिच्याकडं जास्त येऊन जाऊन असतो.

हे सगळं एकत्र करायला नारायणगावहून कॅमेरे बसवणारा आला. त्या दिवशी मी घरी होते. तो शिडीवर चढला, उतरला, डब्यासमोर मांडी घालून बसला, पुन्हा चढला. आई सारखी विचारत होती, “झालं का रं?” शेवटी त्यानं टीव्हीवर चित्रं लावली. भावाचे दोन कॅमेरे स्वच्छ दिसत होते. माझा कॅमेरा तिसऱ्या चौकटीत आला, जरा अडखळत. चुलतभावाचा आलाच नाही.

“ह्याची वायरच जुन्या पद्धतीची हाय, ह्या डब्याला लागत नाय,” तो म्हणाला. “आन् ताई, तुमचा दिसतोय, पण नुसतं चित्रच येनार. काय हाललं-बिललं तर मोबाईलवर जो इशारा येतो, तो हा डबा फक्त आपल्या कंपनीच्या कॅमेऱ्याचा देनार. तुमच्यासाठी तुमचं जुनंच ॲप चालू ठेवा.”

“म्हंजे अर्धवटच जोडलं म्हण की,” आई म्हणाली.

“जोडलं न्हाई मावशी, शेजारी बसवलं.” तो हसला.

चुलतभावाचा कॅमेरा आईनं काढू दिला नाही. बंद का असेना, राहू दे म्हणाली, बिबट्याला काय कळतंय. तो तसाच मागच्या भिंतीवर टांगलेला राहिला. शेवटी दोन्ही कंपन्यांची ॲप आम्हा दोघाही भावंडांच्या फोनवर आली.

तेव्हापासून माझे दिवस बिघडले. आमच्या शाळेत फोनला रेंज नाही. शाळेच्या वरच्या चढावर एक हिरड्याचं झाड आहे, तिथं उभं राहिलं की दोन काड्या येतात. आधी मी तिथं आठवड्यातून एखाद्या वेळी जायचे, केंद्रशाळेवरून काही निरोप असला तर. आता प्रत्येक सुट्टीत जाऊ लागले. चढून वर गेलं की फोन थरथरायला लागायचा आणि सकाळपासूनचे सगळे इशारे एकदम धडाधडा पडायचे. हालचाल दिसली. हालचाल दिसली. उघडून बघावं तर वाऱ्यानं हलणारं पोतं, गाईचं शेपूट, नाहीतर कोंबडी कॅमेऱ्याच्या अगदी तोंडासमोर. काही निघालं नाही की बरं वाटायच्या ऐवजी राग यायचा. वर्गात फळ्यावर वजाबाकी लिहिताना माझं लक्ष चढाकडं असायचं.

आणि मला आई दिसायची. ती दुपारी ओट्यावर पाठ टेकून बसलेली दिसायची. एकदा ती पदरानं डोळे पुसताना दिसली. कचरा गेला होता की रडत होती, कळलं नाही आणि विचारताही आलं नाही. एकदा मात्र मी न राहवून फोन केला, “आई, शेळ्यांना अजून पाणी ठेवलं नाहीस.”  ती एवढंच म्हणाली, “बरं बाई.” त्यानंतर ती अंगणातून जाताना कॅमेऱ्याच्या खालून, भिंतीला लागून जायला लागली. चित्रात नुसता तिचा पदर दिसायचा.

ही गोष्ट घडली ती ऊसतोडीच्या दिवसांत. ऊस तुटायला लागला की त्यातला बिबट्या भांबावतो, एका मळ्यातून दुसऱ्यात फिरतो, दिवसाही दिसतो. इकडं आमच्या वाडीत भाताच्या मळण्या उरकल्या होत्या, निम्मी पोरं आईबापांबरोबर मजुरीच्या गावी गेली होती. शनिवारची सकाळची शाळा होती, दहा वाजून गेल्यावर मधल्या सुट्टीत मी नेहमीसारखी हिरड्याखाली गेले. फोन थरथरला आणि दोन फोटो आले.

पहिला भावाच्या अंगणातल्या कॅमेऱ्याचा. त्यात आई पाठमोरी होती, घराच्या कोपऱ्यावरून मागच्या बाजूला वळत होती. हातात काठी. फोटोच्या कोपऱ्यात वेळ, साडेनऊ वाजून गेल्याची.

दुसरा माझ्या कॅमेऱ्याचा, मागच्या बाजूचा. शेळ्यांच्या दावणीपलीकडं, भिंतीला अंग घासत चाललेला बिबट्या. शेपटीचं टोक वर वळलेलं. त्याच्या कोपऱ्यातली वेळ दहाला थोडी कमी.

मी दोन्ही फोटो पुन्हा पुन्हा उघडले. आई मागं गेली. त्यानंतर बिबट्या मागं आला. आई परत पुढं आल्याचा फोटो नाही. मी थेट चित्र बघायला गेले तर दोन्ही ॲपवर एकच उत्तर, कॅमेरा बंद आहे. घरची लाईट गेली होती.

आईला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. वाजत राहिला.

भावाला लावला, तर तो गाडीतच होता. “ताई, मी पण बघितलं. निघालोय. फॅमिलीच्या ग्रुपवर टाकलंय, कोणी जवळ असलं तर जाईल.” त्याचा आवाज चिरकत होता. “ती मागं कशाला गेली, ताई? ती मागं कशाला गेली?”

मग चुलतभावाला. तो कांद्याच्या वाफ्यात पाणी धरत होता. मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. तो एवढंच म्हणाला, “फोन चालू ठेव,” आणि पळायला लागला. त्याचा श्वास, चपलांचा आवाज, मधूनच “अरं या रं, काकूकडं बिबट्या शिरलाय” अशी हाक, हे सगळं मी त्या झाडाखाली उभी राहून ऐकत होते. हलले तर रेंज जाईल म्हणून पायसुद्धा उचलत नव्हते.

“अंगणात कोन नाय,” तो धापा टाकत म्हणाला. “दार उघडं हाय. काकू! ओ काकू! मोबाईल हितं चार्जिंगला वाजतोय.”

“मागं बघा, दादा.”

“मागंच चाललोय. शेळ्या हायेत. सगळ्या हायेत. लई वरडत्यात.” मग तो एकदम हळू बोलू लागला. “हितं कडब्याच्या खोलीत काय तरी वाजतंय.”

“काय?”

“कडबा सळसळतोय. काकू? काकू, तुमी हाय का आत?” त्यानं परत हाक मारली. “परत वाजलं. पडली असंल ती आत. बाहेरनं कडी हाय, पन लागली असंल वाऱ्यानं. थांब, कडी काढतो.”

आणि फोन तुटला.

मी परत लावला, लागला नाही. झाडाखालच्या दोन्ही काड्या गेल्या होत्या. असं तिथं अधूनमधून होतं. मी हात वर करून, दगडावर चढून बघितलं. मग सोबतच्या गुरुजींना ओरडून सांगितलं आणि उतारावरून तळेघरच्या रस्त्याला लागले. चालत नव्हते, घसरत होते. रस्त्यावर एसटीची वेळ नव्हतीच. भीमाशंकरहून दर्शन करून परतणारी एक गाडी मी हात आडवा करून थांबवली. आत एक कुटुंब होतं, नाशिककडचं. मी म्हणाले, “माझ्या आईकडं बिबट्या शिरलाय, मला मंचरपर्यंत सोडा.” त्या बाईंनी काही न विचारता मांडीवरची पिशवी उचलली आणि मला जागा करून दिली. गाडीत लावलेलं भजन त्यांच्या यजमानांनी बंद केलं.

तो घाट, डिंभे धरणाचं पाणी, सगळं मी कित्येकदा बघितलेलं. त्या दिवशी मला नुसता फोन दिसत होता. कोपऱ्यातली रेंजची खूण यायची आणि मी बोट लावेपर्यंत जायची. रेंज नसली तरी ते दोन फोटो उघडत होते. मी आईचा फोटो मोठा केला. ती जरा वाकून चालली होती. काठी टेकत नव्हती, आडवी धरली होती. असं का, हा विचार मनात आला, पण पुढं गेला नाही. माझ्या डोळ्यांपुढं ते कोपऱ्यातले आकडे होते. तेवढ्या मिनिटांत आई कुठपर्यंत गेली असेल, आणि मागून येणाऱ्याला किती वेळ लागला असेल, हेच मी पुन्हा पुन्हा मोजत होते. शेजारच्या बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मला तो हात सहन होत नव्हता आणि काढ म्हणवतही नव्हतं.

घोडेगावच्या अलीकडं फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

“मी हाय,” आई म्हणाली.

मी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

“ऐकतीस का? मी हाय. डेअरीवाल्याच्या फोनवरनं बोलतीय. मला काय झालं न्हाई. तुझा भाऊ गाडी जोरात चालवत असंल, त्याला सांग हळू ये म्हनून.”

पुढचं मी दुपारी उशिरा घरी पोचल्यावर ऐकलं, आणि प्रत्येकाकडून वेगवेगळं ऐकलं. अंगणात गाव लोटलं होतं. वनखात्याची माणसं पिंजरा घेऊन येऊन गेली होती, बिबट्याला घेऊनही गेली होती. कडब्याच्या खोलीच्या पत्र्यावर पोरं अजून बसलेली होती. चुलतभाऊ ओट्यावर बसला होता. आई चुलीपुढं होती, चहा करत.

मी दारातच उभी राहून ओरडले, “तू मागं गेलीसच कशाला? तो तुझ्या मागं येत होता, तुला कळलं तरी का?”

आईनं वर बघितलं. चेहरा असा, की कुणी तिला खोटं पाडलंय.

“तो माझ्या मागं नव्हता. मी त्याच्या मागं व्हते.”

“फोटोत वेळ आहे, आई.”

“तुझी वेळ ठेव बाजूला. मी व्हते का तिथं का तू व्हतीस?”

घडलं होतं ते असं. ती ओट्यावर शेंगा निवडत बसली होती. मागं कोंबड्या एकदम ओरडल्या. तिनं कोपऱ्यातून डोकावलं तर उसातून बाहेर पडलेला बिबट्या भिंतीकडेनं चाललेला. पोरसवदा होता, असं ती म्हणाली. शेळ्या दावणीला, त्यातली एक आठवड्यापूर्वी व्यालेली, पिल्लं तिच्याजवळ. आईनं आत येऊन काठी घेतली. मोबाईल चार्जिंगला होता तो घेतला नाही, तिला त्याची आठवणही झाली नाही. ती दबकत मागं गेली. बिबट्याला शेळ्यांपेक्षा कोंबडीनं नादी लावलं होतं. कोंबडी कडब्याच्या खोलीत पळाली, तिच्यामागं तो आत गेला. आईनं पुढं होऊन दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली.

“येका हातानं दार दाबून धरलं,” ती म्हणाली. “कडी बसंचना. तो आत येकदा दारावर आदळला. मग बसली.”

मग ती रस्त्यानं सरळ डेअरीकडं गेली, माणसं बोलवायला. आमचे सगळ्यांचे फोन रिकाम्या घरात वाजत होते तेव्हा ती डेअरीवाल्याला सांगत होती की आधी वनखात्याला फोन लाव. माणसं घेऊन ती परत आली तर चुलतभाऊ कडीला हात घालून उभा.

“मी अशी वरडले,” आई म्हणाली, “मेल्या, हात काढ! आत त्यो हाय!”

चुलतभाऊ ओट्यावरून म्हणाला, “मला वाटलं काकूच हाय आत. दोनदा हाक मारली तर दोनदा वाजलं. मी म्हटलं, वाचा गेली असंल भ्यानं.” तो स्वतःच्या हाताकडं बघत होता. “कडी निम्मी निघाली व्हती राव.”

भावानं मान खाली घातली. त्यानं ग्रुपवर टाकलेले दोन फोटो तोपर्यंत तालुकाभर फिरले होते, खाली कुणीतरी लिहिलेलं, ‘आजीच्या मागे बिबट्या’. आईला ते कुणीतरी वाचून दाखवलं होतं. खरा राग तिला त्याचाच होता. पुढं महिनाभर जो भेटेल त्याला ती सांगत होती, दळणाच्या गिरणीत, बाजारात, तेराव्याला गेलेल्या घरातसुद्धा, की ते उलटं लिवलंय, आधी तो गेला, मागनं मी.

कॅमेरेवाला दुसऱ्या दिवशी आला. लाईट आली होती. त्यानं माझ्या कॅमेऱ्याचं चित्र लावलं, कोपऱ्यातली वेळ बघितली, मग मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि आमच्याकडं वळून बघितलं. माझा कॅमेरा पंधरा-वीस मिनिटं पुढं होता. डबा आपल्या कंपनीच्या कॅमेऱ्यांची घड्याळं रोज जुळवत होता. माझ्या परक्या कॅमेऱ्याला वेळ द्यायचं त्याच्याकडून झालंच नव्हतं. बसवताना हातानं लावलेली वेळ पुढं पुढं सरकत गेली होती.

“माझ्या ध्यानात यायला पायजे व्हतं,” तो म्हणाला. “चित्र आलं, मी खूश झालो.”

“आणि आई गेल्याचं त्या कॅमेऱ्यात का नाही?” मी विचारलं. “ती तर त्याच्या समोरून गेली.”

“एकदा टिपलं की हा थोडा वेळ गप ऱ्हातो, ताई. मग परत बघतो. तोवर लाईट गेली असंल.”

भाऊ लगेच म्हणाला, सगळे काढू, एकाच कंपनीचे नवे लावू, कडब्याच्या खोलीतपण एक. मी त्याला दुजोरा देणार होते. मागची रात्र मी आईशेजारी झोपले होते खरी, पण झोपले नव्हते. जगातला प्रत्येक कोपरा दिसला पाहिजे असं मला त्या वेळी वाटत होतं.

आई मध्ये पडली. “आनखी येक बी लावायचा न्हाई. हाय ते ऱ्हाऊ द्या. आन् त्यो अंगनातला ओट्याकडं बघतो, त्याचं तोंड फिरवा. मी काय बिबट्या हाय का, माझ्यावर डोळा ठेवायला?”

कॅमेरेवाल्यानं भावाकडं बघितलं. भावानं माझ्याकडं. मी म्हणाले, “फिरवा.” तो शिडीवर चढला आणि अंगणातल्या कॅमेऱ्याचं तोंड फाटकाकडं वळवलं. माझ्या कॅमेऱ्याला त्यानं इंटरनेटवरून वेळ घ्यायला लावली, पण जाताना सांगून गेला, “लाईट गेली-आली की ह्याची वेळ येकदा बघत जा. मला ह्याचा भरवसा नाय.”

हे ऐकून घेतलं ते आईनं. आता लाईट जाऊन आली की ती घरातलं टेबलावरचं घड्याळ घेऊन मागं जाते आणि कॅमेऱ्यासमोर धरते. हालचाल दिसली, असा इशारा येतो. मी हिरड्याखाली तो उघडते. आधी घड्याळ दिसतं, मोठं, जरा तिरकं. त्याच्या मागं आईचा अर्धा चेहरा. मी घड्याळातली वेळ बघते आणि फोटोच्या कोपऱ्यातली बघते. जुळत असतात. ती हे करते असं तिनं मला कधी सांगितलेलं नाही, मीही विचारलेलं नाही. फोनवर आम्ही दुसरंच बोलतो, गाय किती दूध देते, कांद्याला काय बाजार.

पण काही दिवस ती विसरते, किंवा कंटाळते. लाईट जाऊन आल्याचं मला ॲपवर कळतं आणि घड्याळाचा फोटो आलेला नसतो. मग मी चढावर उभी राहते. खाली घंटा होते, पोरं ओळीनं आत जातात, गुरुजी हात करून बोलावतात. मी म्हणते, आले, आणि अजून थोडा वेळ तिथंच उभी राहते.